गर्भपाताचा कायदा : संमती कोणाची?

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचे श्रमसंस्कार शिबिर एका आडवळणाच्या गावी भरले होते. दिवसा मुलांनी बंधारा घालावा आणि रात्री शाळेच्या ओट्यावर कोणीतरी चार शब्द बोलावेत, असा परिपाठ होता. माझी पाळी आली त्या रात्री मी इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांविषयी बोललो. मंडळी पांगली, कंदील उचलला गेला, तरी शाळेतल्या एक बाई मागे रेंगाळत राहिल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारले, "सर, बाईनं पोट पाडणं हा गुन्हाच आहे ना हो?"

मी म्हणालो, "तसा गुन्हा नाही, पण..." आणि तिथेच अडखळलो.

मग बाईंनी सांगितले. त्यांच्या शेजारची एक बाई, तीन लेकरांची आई. चौथ्यांदा दिवस गेले. दवाखान्यात गेले तर पोलीस धरतील या धास्तीने ती सरकारी दवाखान्याची पायरी चढली नाही. कोणाकडून तरी काहीतरी औषध आणवून घेतले. चौथ्या दिवशी तिला बैलगाडीत घालून तालुक्याला न्यावे लागले. वाचली; पण थोडक्यात वाचली.

श्रोतेहो, त्या रात्री माझ्या तोंडून निघालेला तो "पण" मला पुष्कळ दिवस टोचत होता. शेवटी मी ठरवले, की या "पण"चा इतिहास एकदा नीट लावून पाहावा. तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. विषय नाजूक आहे खरा. घरात चारचौघांत तो कोणी काढीत नाही. परंतु ज्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही, तिच्याविषयी अफवाच राज्य करते, आणि त्या अफवेची किंमत एखाद्या माउलीला जिवाने चुकवावी लागते. म्हणून बोललेले बरे.

या इतिहासाकडे पाहताना एकच प्रश्न हाताशी ठेवू या. गर्भ ठेवावा की नाही, हे ठरवताना कायद्याने संमती कोणाची विचारली? सरकारची, डॉक्टरची, नवऱ्याची, की त्या स्त्रीची?

आरंभ करू या १८६० पासून. त्या साली हिंदुस्थानात इंग्रजांनी भारतीय दंडसंहिता मंजूर केली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिचा पहिला मसुदा १८३७ सालीच मेकॉलेसाहेबांच्या आयोगाने तयार केला होता. या संहितेचे ३१२ वे कलम गर्भपाताविषयी होते. स्त्रीचा जीव वाचविण्याच्या प्रामाणिक हेतूवाचून जो कोणी गर्भपात घडवून आणील, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पोटातले मूल हालू लागल्यानंतर हे कृत्य घडले, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि या कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेले होते : जी स्त्री स्वतःच स्वतःचा गर्भ पाडील, तीही या कलमात येते. पुढच्या कलमांत स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात करणाऱ्याला, किंवा त्या खटाटोपात तिचा जीव घेणाऱ्याला याहून जबर शिक्षा सांगितल्या होत्या. आणखी एक ३१८ वे कलम होते. मूल जन्मले ही गोष्ट लपविण्यासाठी त्याचे प्रेत गुपचूप पुरले, तर दोन वर्षांपर्यंत कैद.

आता हा कायदा त्या काळच्या समाजात कसा लागू पडला, ते पाहा. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण तो बहुतांशी कागदावर. वरच्या जातींतल्या घरोघरी दहा-बारा वर्षांच्या, वीस वर्षांच्या विधवा होत्या. त्यांचे केशवपन झालेले, त्यांचे जग स्वयंपाकघरापुरते. अशा एखादीवर घरातल्याच कोणाची नजर गेली आणि तिला दिवस गेले, म्हणजे तिने काय करावयाचे? गर्भ पाडला तर ३१२ वे कलम. मूल होऊ दिले आणि लपविले तर ३१८ वे. मूल मारले तर फाशी किंवा काळे पाणी. आणि उघडपणे मूल वाढवावयाचे म्हटले तर समाज तिला उभी राहू देत नव्हता. तिला या दशेला आणणारा पुरुष मात्र बहुधा कोणत्याच कलमात सापडत नव्हता.

ही कोंडी आपल्या महाराष्ट्रात फार लवकर ओळखली गेली, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. अडलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे किंवा तिथेच ठेवावे, अशी जाहिरात त्यांनी भिंतींवर लावली. पुढे १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी विधवांच्या प्रश्नावर मते मागविली, तेव्हा जोतीरावांनी आपल्या निवेदनात या गृहाचा हिशेब दिला. पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. तीस मेली, आणि ती का मेली याचे कारणही जोतीरावांनी लिहून ठेवले आहे : दिवस लपविण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली होती, त्यांनी पोटातल्या मुलांना इजा झाली होती. या गृहाची आठवण काढताना आपण सहसा फुले दांपत्याच्या करुणेविषयी बोलतो. मला त्या हिशेबातले दुसरे सत्यही तितकेच मोलाचे वाटते. ३१२ वे कलम अमलात होते, तरी औषधे घेतली जातच होती. कायद्याने गर्भपात थांबला नव्हता. तो अंधारात गेला होता.

अशाच हेतूने १८७५ साली पंढरपुरात तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले आणि पुढे ते मुंबईच्या प्रार्थना समाजाने चालविले. वारीच्या गावी, विठोबाच्या दारी टाकून दिलेल्या पोरक्या लेकरांना त्या घराने छप्पर दिले.

मग आले १८८१ साल. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेने लोकलज्जेपायी आपले नवजात मूल मारले. सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा दिली. मुंबईच्या उच्च न्यायालयात फाशीची काळ्या पाण्याची झाली आणि पुढे ती पाच वर्षांवर आली. वृत्तपत्रांतून विधवांच्या नीतीवर पुष्कळ कोरडे ओढले गेले. त्या गदारोळाला उत्तर म्हणून आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे लहानसे पुस्तक लिहिले. दोष दोघांचा असता शिक्षा एकीलाच का, हा त्यांचा सवाल होता. न्यायालयाच्या निकालावर एका मराठी बाईने लेखणी उचलून दिलेला हा जबाब होय. शिक्षक बंधुभगिनींनी हे पुस्तक मिळवून अवश्य वाचावे.

यानंतर मात्र कायदा जवळजवळ नव्वद वर्षे जागचा हलला नाही. खेड्यात काय चालत असे, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुणी काडी घालून घेई, कुणी कसल्या पाल्याचा रस पिई, कुणी विहिरीत उडी घेई. मुंबईत १९२१ साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. नको असलेले मूल राहूच नये यासाठी आधीच उपाय करावा, असे ते सांगत होते. एवढे सांगितल्याबद्दल त्यांना नोकरी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घ्यावे लागले. ज्या समाजाला गर्भ न राहण्याची चर्चाही सोसत नव्हती, तिथे गर्भपाताचे नाव कोण काढणार?

नाव निघाले ते स्वराज्यात, आणि तेही दोन निरनिराळ्या वाटांनी. एक वाट डॉक्टरांची. अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातामुळे रक्तबंबाळ झालेल्या, विषबाधा झालेल्या स्त्रिया सरकारी इस्पितळांत येत होत्या आणि मरत होत्या. दुसरी वाट लोकसंख्येची चिंता करणाऱ्यांची. १९६४ साली केंद्र सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने डिसेंबर १९६६ मध्ये आपला अहवाल दिला. देशात दरसाल सुमारे ३९ लक्ष गर्भपात मुद्दाम करविले जात असावेत, असा तिचा अंदाज होता. अंदाज तो अंदाजच; चोरून घडणाऱ्या गोष्टीची शिरगणती होत नसते. पण त्यातला अर्थ उघड होता. एवढ्या सगळ्या बायका कायद्याच्या लेखी गुन्हेगार ठरत होत्या, आणि एवढ्या सगळ्या बायका जाणकार डॉक्टरच्या हाताला मुकत होत्या.

इंग्लंडने १९६७ साली आपला कायदा सैल केला. आपल्याकडे १९६९ मध्ये विधेयक राज्यसभेपुढे आले, ऑगस्ट १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. म्हणजे दंडसंहितेच्या अंमलाला एकशे दहा वर्षे झाल्यावर ही वाट मोकळी झाली. या कायद्याचे नाव वैद्यकीय गर्भपात कायदा.

त्यात काय होते, ते थोडक्यात पाहू. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येईल. कारणे अशी : स्त्रीच्या जिवाला धोका, किंवा तिच्या शरीराला अथवा मनाला गंभीर इजा, किंवा होणाऱ्या मुलात मोठे व्यंग असण्याचा संभव. बलात्कारातून गर्भ राहिला तर त्या यातना म्हणजे मनाला गंभीर इजाच समजावी. विवाहित स्त्रीने किंवा तिच्या नवऱ्याने कुटुंबनियोजनाचे साधन वापरूनही दिवस राहिले, तर तोही मनस्ताप तसाच धरावा. गर्भपात सरकारी इस्पितळात किंवा सरकारने मान्यता दिलेल्या ठिकाणीच व्हावा. जीव वाचविण्यासाठी ताबडतोब करणे भाग असेल, तर आठवड्यांची अट नाही.

आणि संमती कोणाची? सज्ञान स्त्रीची, तिची एकटीची. अठरा वर्षांखालील मुलीच्या किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत पालकाची लेखी संमती. नवऱ्याच्या सहीचा या कायद्यात कोठेही उल्लेख नाही. हे वाक्य, मंडळी, मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी "नवऱ्याला घेऊन या, मग पाहू" असे सांगून बाईला परत पाठविल्याच्या हकिगती आपल्या कानांवर येतातच. ती सही कायद्याने मागितलेली नाही. ती आपल्या रिवाजाने मागितलेली आहे.

तथापि या कायद्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. तो बायकांच्या मोर्च्यांतून आला नव्हता. डॉक्टरांच्या आणि लोकसंख्येच्या तज्ज्ञांच्या शिफारशींतून आला होता. म्हणून त्याची रचनाही तशीच झाली. दंडसंहितेतला गुन्हा त्याने पुसून टाकला नाही. अटी पाळणाऱ्या डॉक्टरला तेवढे संरक्षण दिले. स्त्रीची संमती हवी, हे खरे. पण तिची इच्छा पुरेशी नव्हती. कारण ग्राह्य आहे की नाही, हे डॉक्टर ठरवणार. आणि कुटुंबनियोजनाच्या कलमात "विवाहित स्त्री" असा शब्द असल्यामुळे ज्यांना लपविण्याची सर्वांत अधिक पाळी येई, त्या विधवेला आणि अविवाहितेला त्या वाटेने दार बंदच राहिले. १८६३ साली जिच्यासाठी फुल्यांनी घर उघडले होते, तीच पुन्हा बाहेर राहिली.

कायदा लागू होऊन काही वर्षे होतात न होतात, तोच एक नवे संकट उभे राहिले. पोटातल्या बाळाचे व्यंग ओळखण्याची वैद्यकीय तपासणी देशात आली, आणि व्यंगाऐवजी लोक मुलगा की मुलगी हे विचारू लागले. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि डॉक्टरांनी १९८५ च्या सुमारास याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तो नीट पाळला जात नाही म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या महाराष्ट्रातल्या संस्था व डॉक्टर साबू जॉर्ज हे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २००१ पासून सरकारांना धारेवर धरले आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरीही आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ८०७. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावी ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. एका विवाहितेच्या मृत्यूमुळे ते प्रकरण उजेडात आले होते.

इथेच आपल्या गावोगावचा गोंधळ सुरू होतो, म्हणून नीट ध्यान द्या. हे दोन कायदे वेगळे आहेत. गर्भाचे लिंग तपासणे आणि सांगणे हा गुन्हा आहे, आणि मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हे कोणत्याही कायद्यात बसत नाही. पण कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठी, मुदतीत, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करून घेणे हा गुन्हा नाही. भिंतींवरच्या घोषणा वाचून लोकांनी एकच अर्थ घेतला, की गर्भपात म्हणजे सरसकट भ्रूणहत्या आणि सरसकट तुरुंग. धास्तावलेले डॉक्टर नाही म्हणू लागले. मुलींना वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याची भीती त्यांच्या आयांना भोंदू वैद्याकडे लोटू लागली. शिबिरातल्या त्या बाईंच्या शेजारणीचे तेच झाले होते.

आता न्यायालयांकडे वळू. २००८ साली मुंबईतले एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर उच्च न्यायालयात गेले. गर्भ चोवीस आठवड्यांचा, बाळाच्या हृदयात मोठा दोष, आणि कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. दोष ध्यानात आला तोच मुदत टळल्यावर. न्यायालयाने परवानगी नाकारली. कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, हे न्यायालयाचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्या खटल्याने देशभर चर्चा उठली, आणि पुढच्या काळात अशा अर्जांची न्यायालयांपुढे रांग लागली.

२००९ साली चंदीगडचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरकारी आश्रयगृहातली एक अनाथ, बुद्धीने मंद अशी तरुणी. तिच्यावर अत्याचार झाला आणि दिवस राहिले. तिच्या भल्यासाठी म्हणून उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. पण तिला मूल हवे होते! सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि सांगितले, की तिची संमती नसता कोणालाही तिच्यावर गर्भपात लादता येणार नाही. मूल व्हावे की न व्हावे हे ठरविणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. या निकालाची खुबी ध्यानात घ्या. संमतीचा हक्क म्हणजे केवळ "नको" म्हणण्याचा हक्क नव्हे. "हवे" म्हणण्याचाही तोच हक्क आहे.

२०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने भायखळ्याच्या तुरुंगातल्या गर्भवती कैदी स्त्रियांचा प्रश्न आपण होऊन हाती घेतला. न्यायमूर्ती विजया ताहिलरामाणी आणि मृदुला भाटकर यांनी सांगितले, की कैदेत असली तरी स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिचाच आहे, आणि १९७१ च्या कायद्याचा लाभ लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही मिळावयास हवा.

अखेर २०२१ साली संसदेने कायदा सुधारला. एका डॉक्टरच्या मताने वीस आठवडे. काही विशेष स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवडे. आणि बाळात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास आठवड्यांची मर्यादाच नाही. "विवाहित स्त्री आणि तिचा नवरा" या शब्दांच्या जागी "कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार" असे शब्द आले. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक झाले. चोवीस आठवड्यांची सवलत कोणाला, याची यादी नियमांत दिली आहे : अत्याचारपीडित स्त्रिया, अल्पवयीन मुली, अपंग स्त्रिया, आणि दिवस गेले असतानाच जिला वैधव्य आले किंवा जिचा घटस्फोट झाला अशी स्त्री. वाचता वाचता त्या "वैधव्य" शब्दाशी मी थबकलो. विजयालक्ष्मीची शिक्षा झाली त्याला तेव्हा एकशे चाळीस वर्षे झाली होती.

पण या यादीतही एक फट राहिली. पंचवीस वर्षांची एक अविवाहित तरुणी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. यादीत अविवाहितेचा उल्लेख नाही म्हणून तिला नकार मिळाला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परवानगी दिली, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, बोपण्णा आणि पारडीवाला यांनी सविस्तर निकाल दिला. विवाहित आणि अविवाहित असा भेद करणे संविधानाला धरून नाही. या कायद्यापुरता बलात्कार या शब्दात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही येते. अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना वर्दी देताना डॉक्टरने तिचे नाव सांगण्याची गरज नाही. आणि कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, नाना तऱ्हेचे कागद, न्यायालयाचा हुकूम, या डॉक्टरांनी घालू नयेत.

एवढ्यावर कथा सुफळ संपूर्ण झाली, असे मात्र समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन लेकरांच्या एका विवाहित आईने, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराचे कारण सांगून, सव्वीस आठवड्यांनंतर परवानगी मागितली. दोन न्यायमूर्तींचे एकमत होईना. शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. २०२४ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या एका चौदा वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीचे प्रकरण आले. मुंबईत नकार मिळाला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, आणि आठवड्याभरात, मुलीच्या जिवाला असलेला धोका पाहून पालकांचे मन बदलल्यावर, ती मागेही घेतली. त्याच निकालात न्यायालयाने बजावले, की वैद्यकीय मंडळाने आठवडे मोजून थांबू नये, मुलीच्या शरीराचा आणि मनाचा विचार करावा, आणि तिचे स्वतःचे म्हणणे ऐकावे. चौदा वर्षांची पोर, तीस आठवड्यांच्या घरातला गर्भ, आणि दोन न्यायालयांच्या वाऱ्या. ती पहिल्या दोन महिन्यांत एखाद्या भरवशाच्या माणसापाशी बोलू शकली असती तर?

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जुने ३१२ वे कलम तिच्यात ८८ वे होऊन बसले आहे, जवळजवळ त्याच शब्दांत. म्हणजे गुन्हा आजही नियम आहे आणि १९७१ चा कायदा हा त्याला अपवाद. स्त्रीची संमती हवीच. पण तिच्या संमतीवर अजून डॉक्टरचे मत लागते, आणि मुदत टळली की मंडळाचे किंवा न्यायालयाचे. गर्भ जसजसा वाढतो तसतसा त्याचाही विचार व्हावा, असे मानणारे पुष्कळ सुजाण लोक आहेत, आणि न्यायालयानेही तो विचार बाजूला टाकलेला नाही. हा वाद मोठा आहे आणि एका भाषणात तो मिटणार नाही. मी इतिहासाचा मास्तर. मला दिसते ते एवढेच, की बंदी होती तेव्हा गर्भपात थांबले नाहीत, बायका मात्र मेल्या. आणि ज्या ज्या वेळी कोणी त्या स्त्रीला "तुझे म्हणणे काय?" असे विचारले, त्या त्या वेळी कायदा थोडा शहाणा झाला.

शिबिरानंतर दोन महिन्यांनी मी त्या बाईंना एक पत्र लिहिले. अर्धवट राहिलेले उत्तर त्यात पुरे केले. लिहिले, की कायद्यातल्या कारणांसाठी, मुदतीत, सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात गेलेल्या बाईला कोणी पोलीस धरत नाही. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तिचे नाव बाहेर फुटता कामा नये. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत. जितके लवकर डॉक्टरकडे जावे तितका धोका कमी. आणि मुलगा की मुलगी, हे कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये.

त्यांचे उत्तर आले. पत्र त्यांनी आशाताईंना वाचून दाखविले होते आणि मग दोघींनी मिळून ते गावातल्या बायकांच्या बचतगटात वाचले. "सगळ्या गप्प बसल्या होत्या," त्यांनी लिहिले होते, "पण निघताना तिघीजणींनी पत्राची नक्कल मागितली."